आनुवंशिकी व उत्क्रांतीचे अध्यापन : जुन्नर-आंबेगाव परिसराचा संदर्भ

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असून चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. साहजिकच आनुवंशिकी व उत्क्रांती हा घटक गुणोत्तरे, कालखंड आणि कवटीचे आकारमान यांच्या पाठांतरात अडकतो. पाठांतर निरुपयोगी नव्हे. परंतु प्रश्न किंचित फिरवून विचारला की ते अपुरे पडते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील विद्यार्थ्यास या घटकाची कारणमीमांसा समजावून देण्याजोगी सामग्री त्याच्या परिसरातच आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन होय.

प्रथम भाषेचा प्रश्न. राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागाची सुरुवातच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणाने झाली. (केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीतून उत्क्रांतीचा भाग मात्र २०२२-२३ मध्ये वगळला गेला.) मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची ही पूर्वतयारी अकरावीत बहुधा दुर्लक्षित राहते, कारण संज्ञा एकाएकी इंग्रजी होतात. दहावीतील ‘स्थानांतरण’ म्हणजे प्रथिननिर्मितीच्या वेळी रायबोझोमचे एकेका त्रिककोडाने पुढे सरकणे. पुढे ‘ट्रान्सलोकेशन’ हाच शब्द गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्रास जोडला जाणे आणि वनस्पतीतील अन्नाचे वहन या अर्थांनीही भेटतो. तिन्ही अर्थ शेजारी मांडून दाखविल्याखेरीज हा गोंधळ मिटत नाही.

मेंडेलच्या नियमांसाठी वाटाण्याइतकाच टोमॅटो उपयुक्त आहे. नारायणगावची टोमॅटो बाजारपेठ प्रसिद्धच आहे आणि शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यास संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते हे ठाऊक असते. त्यामागील कारण त्याला विचारावे. विकत घेतलेले बी पहिल्या संकरित पिढीचे असते, म्हणून झाडे एकसारखी येतात. त्या झाडांची फळेही एकसारखी दिसतात, कारण फळाचा गर हा मातृवृक्षाचाच भाग होय. त्यातील बी मात्र पुढच्या पिढीचे असते. नेमका हाच भेद अनेकांच्या हातून निसटतो. समजा, झाड दहा स्वतंत्र जनुकजोड्यांत विषमयुग्मी आहे. त्याच्या स्वपरागित बियांतून त्या दहाही जोड्यांत तसेच विषमयुग्मी झाड मिळण्याची शक्यता १,०२४ मध्ये अवघी एक! ३:१ हे गुणोत्तर पाठ असलेल्या विद्यार्थ्यासही हे उत्तर स्वतः काढावे लागते.

उत्क्रांतीसाठी याहून मोलाचे स्थळ जुन्नर तालुक्यातच आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीय राखेचा थर व अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे आढळली असून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या स्थळाचा अभ्यास केला. राखेचे वय १९८९ मध्ये सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, १९९५ मध्ये सुमारे ६.७ लाख. अन्य अभ्यासकांनी राखेच्या रासायनिक घडणीवरून ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. एकाच थराची ही तीन वये विद्यार्थ्यास गोंधळात टाकतील, अशी भीती शिक्षकास वाटू शकते. वस्तुतः शिकविण्याची खरी संधी येथेच आहे.

पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याच्या क्षयातून आर्गॉन निर्माण होतो; साचलेल्या आर्गॉनवरून वय काढतात. राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले तर वय फुगते, आणि भोवतालचा दख्खनचा बेसाल्ट तर सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. पाठ्यपुस्तकात होमो इरेक्टस म्हणजे १५ लाख वर्षे व ९०० घनसेंटिमीटर मेंदू, एवढेच वाचलेल्या विद्यार्थ्यापुढे बोरीची हत्यारे ठेवल्यास तो ती लगेच त्या प्रजातीच्या नावे लिहून मोकळा होईल. परंतु बोरीत हत्यारे आहेत, मानवी अस्थी नाहीत. हत्यारावरून प्रजाती ठरविणे हे अनुमान होय. शिवाय हत्यार अविचल राखेखाली मिळाले तर ते राखेहून जुने ठरते. राखेच्या वर मिळाले तर ते नंतरचे असेलच असे नाही, कारण नदी जुनी हत्यारे वाहून आणून नव्या गाळात ठेवू शकते.