कॅमेऱ्याचा विमा उतरावा काय?

इंदूर शहर आणि छायाचित्रकला यांचे नाते जुने आहे. पुढे राजा दीनदयाळ या नावाने कीर्ती पावलेले लाला दीनदयाळ हे रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले. अंदाजपत्रके तयार करणे आणि नकाशे काढणे हे त्यांचे काम होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, इंदुरात आपली चित्रशाळा थाटली, आणि कालांतराने ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी चित्र काचेच्या पट्टीवर उतरत असे. पट्टी फुटली की चित्रही गेले. आज त्या पट्ट्या राहिल्या नाहीत. साधन मात्र नाजूकच राहिले, आणि त्याची किंमत एखाद्या कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीशी स्पर्धा करू लागली आहे.

हे साधन आज इंदुरात कोठे कोठे जाते ते पाहावे. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरातून गेर निघते. गुलालाचे लोट आणि पाण्याचे फवारे यांतून कॅमेरा सावरावा लागतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री चित्ररथांच्या गर्दीत तो धक्के खातो. पावसाळ्यात त्याला मांडूचे धुके खुणावते, आणि लग्नसराईत तो रोज नव्या मंडपात असतो. अशा स्थितीत कर्ज काढून कॅमेरा व भिंगे घेतलेल्या तरुण व्यावसायिकापुढे एक प्रश्न उभा राहतो. विमा उतरावा, की तेवढे पैसे वाचवावेत?

उत्तर शोधण्यापूर्वी विमा म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. समजा, शंभर छायाचित्रकारांनी दर वर्षी चार-चार हजार रुपये एकत्र ठेवले. चार लाख जमले. वर्षभरात त्यांपैकी तिघांचे एकेक लाखाचे नुकसान झाले. तीन लाख त्यांना दिले, आणि उरलेला एक लाख व्यवस्थेच्या खर्चात व नफ्यात गेला. म्हणजे दरडोई चार हजार भरले आणि सरासरीने तीन हजार परत आले. वरचे हजार रुपये ही निर्धास्तपणाची किंमत होय. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. विमा हा कमाईचा मार्ग नव्हे. आणि जे नुकसान स्वतःच्या शिलकीतून सहज सोसता येते, त्यासाठी विमा उतरणे बहुधा तोट्याचे ठरते.

म्हणून पहिला प्रश्न असा की, उद्या सकाळी कॅमेऱ्याची पिशवी नाहीशी झाली तर काय होईल? हौसेखातर तीस हजारांचा कॅमेरा बाळगणाऱ्या नोकरदाराला हळहळ वाटेल, पण घरची चूल बंद पडणार नाही. त्याने दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवावी, हाच त्याचा विमा. उलट ज्याचा उदरनिर्वाह त्या पिशवीवर आहे, पुढच्या आठवड्यातील लग्नांची आगाऊ रक्कम ज्याने घेतली आहे आणि कर्जाचे हप्ते ज्याच्या डोक्यावर आहेत, त्याचे कामही जाईल आणि शब्दही जाईल. अशा माणसाने विम्याचा हप्ता हा धंद्याचा नित्य खर्चच समजावा.

दुसरा प्रश्न विमापत्रातील शब्दांचा. विमापत्राच्या ठळक नावापेक्षा बारीक अक्षरांतील अपवाद अधिक महत्त्वाचे असतात. ‘घरफोडी’ आणि ‘चोरी’ हे व्यवहारात एकच वाटणारे शब्द विम्यात भिन्न आहेत. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निर्णय दिला की, विमापत्रात घरफोडीची व्याख्या बळजबरीने प्रवेश अशी असेल, तर त्या बळजबरीविना झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही. मग मंडपातील खुर्चीवरून कोणी पिशवी अलगद उचलून नेली, तर केवळ घरफोडीचा विमा काय कामाचा? घरगुती सामानाचा विमाही धंद्यासाठी वापरलेल्या कॅमेऱ्यास बहुधा लागू पडत नाही. फिरतीवरच्या साधनासाठी ‘सर्व जोखीम’ या प्रकारचे विमापत्र विचारावे लागते. त्यातही रिकाम्या मोटारीत ठेवलेली वस्तू, नित्याची झीज आणि दमट हवेने भिंगावर चढलेली बुरशी यांना सहसा वगळलेले असते. भाड्याने आणलेल्या भिंगाचा उल्लेख विमापत्रात नसेल, तर तेही सुरक्षित आहे असे मानू नये. कारखानदाराची हमी हा तर विमाच नव्हे. ती वस्तूतील दोषासाठी असते, पडझडीसाठी किंवा चोरीसाठी नव्हे.

तिसरा प्रश्न रकमेचा. हप्ता वाचवण्यासाठी कित्येक जण किंमत कमी दाखवतात. दोन लाखांच्या सामानाचा विमा एकच लाखाचा उतरला आणि चाळीस हजारांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या कलमानुसार कंपनी निम्मेच, म्हणजे वीस हजार, देय मानते. पहिले पाच हजार विमेदाराने सोसावेत अशी अट असल्यास हाती पंधराच हजार पडतात. भरपाई नव्या वस्तूच्या भावाने मिळणार की घसारा वजा करून, हेही आधीच विचारून घ्यावे. कॅमेरा कर्जाचा असेल, तर विमापत्रावर बँकेचे नाव असते आणि पैशावर पहिला हक्क तिचा असतो.

विमा उतरल्यावर कागदपत्रांची शिस्त हवी. खरेदीच्या पावत्या, प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक व तिचे छायाचित्र घराबाहेरही एका ठिकाणी जपून ठेवावे. चोरी होताच पोलिसांत फिर्याद नोंदवावी आणि कंपनीस त्वरित लेखी कळवावे. नवे भिंग घेतल्यास ते विमापत्रात चढवून घ्यावे. धंद्यासाठी वापर असताना ‘घरगुती’ असे लिहून देऊ नये. विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो, आणि लपवलेली गोष्ट ऐन अडचणीच्या वेळी विमेदारावरच उलटते.

१९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरावर कंपन्यांचे व्यवहार चार सरकारी कंपन्यांकडे आले. २००० पासून खासगी कंपन्यांनाही पुन्हा परवानगी मिळाली. तेव्हा आज दोन-तीन ठिकाणच्या अटी ताडून पाहता येतात. मागणी अन्यायाने नाकारली गेली असे वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी ते कार्यालय भोपाळला आहे. त्यासाठी शुल्क पडत नाही.

एक गोष्ट मात्र कोणताही विमा परत देऊ शकत नाही. कॅमेऱ्याची किंमत मिळेल, पण त्यात साठवलेले कन्येच्या पाठवणीचे चित्र किंवा आजोबांचे अखेरचे हसू मिळणार नाही. त्यासाठी त्याच रात्री दुसरी प्रत काढून ती वेगळ्या जागी ठेवणे हाच उपाय. तात्पर्य, जे स्वतःला सोसवते ते शिलकीवर सोपवावे, जे सोसवत नाही ते विम्यावर सोपवावे, आणि जे पैशाने भरून येत नाही ते स्वतःच्या दक्षतेवर.