सिगारचा गाडीप्रवास

हाताने वळलेल्या सिगारच्या वजनातला साधारण आठवा हिस्सा पाणी असते. हे पाणी पानांत कायमचे मुरलेले नसते. भोवतालची हवा कोरडी झाली की ते बाहेर पडते, दमट झाली की पाने पुन्हा ओल धरतात. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या पापडासारखा सिगारही सादळतो. फरक इतकाच, की पापड पुन्हा भाजता येतो. घरात या ये-जेला आवर घालण्यासाठी ह्युमिडॉर वापरतात. सिडर लाकडाचे अस्तर आणि घट्ट झाकण असलेल्या या पेटीत सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस राखले जाते. मोटारीत हे दोन्ही आकडे दिवसातून अनेकदा बदलतात. त्यामुळे गाडीतून सिगार नेताना खरी लढाई कोरडेपणाशी नसते, चढउतारांशी असते.

चढउतार का बाधतात, हे सिगारच्या घडणीत दिसते. आत लांब पानांची गुंडाळी म्हणजे फिलर, तिला आवळून धरणारे पान म्हणजे बाइंडर आणि सर्वांत बाहेर नितळ, पातळ, बारीक शिरांचे रॅपर. रॅपर थेट हवेला भिडलेले असल्याने ते मिनिटांत ओल घेते किंवा सोडते. आतल्या फिलरपर्यंत तोच बदल पोचायला दिवस लागतात. कोरड्या झुळकीने रॅपर आकसते, आतला गाभा मात्र पूर्वीइतकाच जाड राहतो आणि पान उभे तडकते. उलट, ओलसर जागी ठेवलेल्या सिगारचा गाभा सावकाश फुगत जातो आणि टोकाकडून रॅपर फाडतो. दोन्ही चिरा सारख्याच दिसतात, कारणे मात्र परस्परविरुद्ध असतात. म्हणून चीर दिसली की पेटीत पाणी वाढवण्याची घाई करणे चुकीचे ठरते.

सगळे सिगार इतके नाजूक नसतात. नेदरलँड्समध्ये रुजलेल्या पद्धतीचे, सुमात्रा-जावाच्या तंबाखूचे लहान सिगार मुळातच कोरडे विकले जातात आणि साध्या पत्र्याच्या डबीत नीट राहतात. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीचे चिरूटही ह्युमिडॉरशिवायच टिकत आले आहेत. पुढचे विवेचन क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथल्या हाताने वळलेल्या, ओल राखून ठेवाव्या लागणाऱ्या सिगारांपुरते आहे. भारतात असे सिगार बहुतेक आयातच होतात. शिवाय परदेशातून येणारा प्रवासी स्वतःबरोबर थोडे आणतो. २०१६च्या बॅगेज नियमांनी शुल्कमुक्त सिगारांची मर्यादा २५ ठेवली होती, म्हणजे नेमका एक नेहमीचा खोका. विमानतळावरून पुण्या-नाशिकपर्यंतचा या खोक्याचा प्रवास बहुधा टॅक्सीनेच होतो.

बंद मोटारीतल्या उष्णतेची मोजमापे मुलांच्या सुरक्षिततेसाठी झाली, पण ती इथेही उपयोगी पडतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५मध्ये दाखवले, की उन्हात उभ्या गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढते आणि त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचा थोड्या खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांतली हवा सरासरी ४७ अंशांवर, आसने ५१ अंशांवर, तर डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८ अंशांपर्यंत पोचला. या आकड्यांवरून दोन गोष्टी कळतात. गाडी तापायला चहासाठी घेतलेला थांबासुद्धा पुरेसा लांब असतो. आणि एकाच गाडीत, एकाच वेळी, दोन जागांच्या तापमानात वीसेक अंशांचे अंतर असू शकते.

उष्णतेने सिगार लगेच वाळून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. घट्ट बंद पेटीत मात्र तसे होत नाही. रोबस्टो आकाराचे, म्हणजे सुमारे १२४ मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर जाड असे दहा सिगार घेतले, तर त्यांच्यात मिळून चौदा-पंधरा ग्रॅम पाणी असते. पेटीतल्या लिटरभर हवेत २० अंशांना आणि ६८ टक्के आर्द्रतेला जेमतेम १२ मिलिग्रॅम वाफ असते. गाडी ५० अंशांवर गेली, तर तीच आर्द्रता राखायला हवेला सुमारे ५६ मिलिग्रॅम वाफ लागते. वरची ४४ मिलिग्रॅम तंबाखू देते आणि तिच्या साठ्यातून ती कमी झाल्याचे जाणवतही नाही. पेटीतले पाण्याचे कोठार म्हणजे सिगारच. म्हणूनच भरलेली पेटी अर्धवट पेटीपेक्षा स्थिर राहते.

बिघाड होतो तो पुढे. उन्हाकडची बाजू तापते, दुसरी त्या मानाने थंड राहते, आणि वाफ तापलेल्या बाजूच्या सिगारांतून निघून थंड बाजूच्या सिगारांत शिरते. आर्द्रतामापकाचा काटा जागचा हलत नाही, पण एका ओळीतले सिगार कडक आणि दुसऱ्या ओळीतले मऊ पडतात. त्यातच पेटी तापलेल्या गाडीतून काढून थेट वातानुकूलित खोलीत नेली, तर आणखी एक संकट येते. ५० अंशांच्या त्या दमट हवेचा दवबिंदू ४२ अंशांच्या आसपास असतो. झाकण आधी निवते आणि त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. थेंब इवले असतात, पण रॅपरवर पडले की डाग ठेवून जातात. अशा वेळी पेटी टॉवेलात गुंडाळून तासभर, जमल्यास दोन तास, बंदच ठेवणे हा साधा उपाय आहे. पेटी उघडून पाहण्याचा मोह इथे फार महागात पडतो.

पेटी पूर्ण घट्ट नसेल तर ती श्वास घेते. २० वरून ५० अंशांवर जाताना आतली हवा दहा टक्के प्रसरण पावते. तेवढी दमट हवा फटींतून बाहेर जाते आणि निवताना बाहेरची हवा आत येते. हाच खेळ घाटात दाबामुळे होतो. मुंबईहून महाबळेश्वरला, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या वर पोचेपर्यंत हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो. रबरी कडीच्या कडक प्लॅस्टिक पेट्यांना म्हणूनच दाब सोडणारी छोटी झडप किंवा स्क्रू असतो. तो घट्ट बंद असताना वर गेलेली पेटी खाली आल्यावर फारशी कुरकुर करत नाही, पण घाटमाथ्यावर हवा सोडून पुन्हा बंद केलेली पेटी पायथ्याला आल्यावर उघडता उघडत नाही. पुन्हा झडप सैल करणे एवढेच त्यावर करायचे असते; झाकणाच्या फटीत चाकू घालून रबर कापणारेही असतात.

उष्णतेचा सर्वांत वाईट परिणाम डोळ्यांना दिसत नाही. तंबाखूत लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी या दोन-तीन मिलिमीटरच्या तांबूस भुंगेऱ्याची अंडी असू शकतात. हा भुंगेरा हळद आणि मिरचीच्या साठ्यांतही सापडतो. एक मादी शंभरापर्यंत अंडी घालते. थंडाव्यात ती निपचित राहतात. पंचवीस अंशांच्या पुढे मात्र उबवणीला वेग येतो आणि तीस अंशांच्या आसपास किडीची वाढ सर्वांत झपाट्याने होते. अळी पान कुरतडत सिगारमध्ये बोगदे पाडते आणि वाढ पूर्ण झालेला किडा टाचणीएवढ्या गोल भोकातून बाहेर पडतो. दुपारच्या तीन-चार तासांनी अंडी उबत नाहीत, पण खोका आठवडाभर गाडीच्या डिकीत राहिला तर अंड्यांना हवी ती ऊब आयती मिळते. डॅशबोर्डवरच्या तापमानात अळीदेखील जगत नाही हे खरे. तोवर तंबाखूतली सुगंधी तेलेही उडालेली असतात, त्यामुळे त्या उपायात काही अर्थ नाही. खात्रीचा मार्ग गोठवण्याचा आहे. मोठे उत्पादक निर्यातीपूर्वी माल गोठवतात. घरी करायचे तर सिगार दुहेरी बंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीनेक दिवस फ्रीझरमध्ये आणि परत एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग खोलीच्या तापमानाला आणतात. फ्रिजचे टप्पे गाळले तर रॅपर तडकते.

वातानुकूलन हा गाडीतला दुसरा दगाबाज. यंत्रातल्या थंड नळ्यांवर हवेतले पाणी ठिबकून जाते आणि बाहेर येणारी गार हवा केबिनमध्ये पंचवीस अंशांवर आली की तिची आर्द्रता ३५-४० टक्क्यांवर उतरलेली असते. झोताच्या समोर धरलेला उघडा सिगार म्हणूनच फार टिकत नाही. काही गाड्यांत समोरचा कप्पा या गार हवेने थंड ठेवण्याची सोय असते. तो कोल्ड्रिंकसाठी उत्तम, सिगारसाठी नाही. महाराष्ट्रात तर एका दिवसात दोन हवामाने पार होतात. मे महिन्यात मुंबईची चिकट हवा मागे टाकून ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने नागपूर गाठले, की दुपारचे तापमान ४३-४४ अंशांवर आणि हवा अंगावरचा घाम क्षणात सुकवण्याइतकी कोरडी असते. जुलैत उलटे: कोकणात ८५-९० टक्के आर्द्रतेत उघडी पेटी अर्ध्या तासात ओल धरते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचा धोका सुरू होतो.

पेटी निवडताना देखणेपणापेक्षा घट्टपणा पाहावा. लाकडी ह्युमिडॉर घरी शोभतो. त्याच्या अस्तराचे स्पॅनिश सिडर म्हणजे सेड्रेला ओडोराटा हे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातले. त्याचा वास तंबाखूला मानवतो आणि लाकूड ओल धरून ठेवते. पण गाडीच्या धक्क्यांत लाकडी झाकणाचा सांधा उघडमीट करत राहतो. प्रवासाला रबरी कडीची, आत स्पंजाच्या खाचा असलेली प्लॅस्टिक पेटी बरी. हौस असेल तर तिच्यात सिडरची एक पातळ पट्टी ठेवावी. पाच-सात सिगारांसाठी स्वयंपाकघरातला चारही बाजूंनी खटके असलेला डबाही चालतो. तो नवा हवा, लोणच्याचा नको.

आर्द्रता राखायला पाण्यात भिजवलेला स्पंज गाडीत वापरू नये. वळणावर पेटी कलंडली की तो ठिबकतो, शिवाय तो फक्त पाणी देतो, जास्तीचे परत घेत नाही. बोव्हेडासारख्या पुड्यांत संपृक्त क्षारद्रावण असते आणि पुडीचा पापुद्रा फक्त वाफ आरपार जाऊ देतो. हवा कोरडी झाली तर पुडी वाफ सोडते, दमट झाली तर शोषते. पुडीवर ६५, ६९, ७२ असे आकडे छापलेले असतात. प्रवासाला, विशेषतः उन्हाळ्यात, ६५ची पुडी जास्त सुरक्षित: थोडा कोरडा सिगार सुधारता येतो, बुरशी लागलेला टाकावा लागतो. साठ ग्रॅमची एक पुडी पंचवीस सिगारांना पुरते, लहान पेटीला आठ ग्रॅमची. कडक झालेली पुडी संपली असे समजावे.

आर्द्रतामापक आधी तपासून घ्यावा लागतो, कारण स्वस्त काटे सर्रास पाच-सात टक्के चुकतात. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवायचे आणि मापकासह बंद पिशवीत दहा-बारा तास ठेवायचे. २५ अंशांना पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा जितका कमीजास्त दाखवेल तितकी त्याची चूक.

सिगार निघायच्या घाईत नव्हे, तर एक-दोन दिवस आधी पेटीत भरावेत, म्हणजे ओल समान होते. सेलोफेनचे वेष्टन काढू नये. वाफ त्यातून जाते-येते, पण एकमेकांवर घासण्यापासून ते वाचवते. हादऱ्यांनी सर्वांत आधी सिगारचे उघडे, पेटवायचे टोक झिजते. मोकळी जागा उरली तर ती स्वच्छ सुती कापडाने भरावी. वासाबाबत तंबाखू फार हावरी आहे. गाडीतले अत्तर, कापूर, पेट्रोलचा कॅन, सुकी मासळी यांच्या शेजारी पेटी नसावी.

गाडीत जागा एकच चांगली: पुढच्या आसनामागे, खाली, सावलीच्या बाजूला. डॅशबोर्ड आणि मागच्या काचेखालची फळी वर्ज्य. डिकीत ऊन थेट येत नाही, पण हवाही खेळत नाही, आणि तिथे ठेवलेले विसरले जाते. लांबच्या प्रवासात पेटी सहलीच्या आइसबॉक्समध्ये ठेवणे सर्वांत परिणामकारक ठरते. त्यात बर्फ घालू नये. बर्फाने पेटीवर पाणी धरते. त्याऐवजी खोलीच्या तापमानाच्या तीन-चार पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. दर लिटर पाणी एका अंशाने तापायला ४.२ किलोज्यूल उष्णता खाते, त्यामुळे आतले तापमान तासन्‌तास संथच चढते.

थांब्यावर गाडी थोडा वेळ जरी उभी राहणार असेल, तरी पेटी बरोबर न्यावी. मुक्कामी ती खोलीतल्या कपाटात ठेवावी, हॉटेलच्या फ्रिजमध्ये नाही. तिथली हवा कोरडी असते आणि आदल्या पाहुण्याच्या जेवणाचा वास घेऊन बसलेली असते.

घरी परतल्यावर उरलेले सिगार लगेच मुख्य ह्युमिडॉरमध्ये मिसळू नयेत. ते दोन-तीन आठवडे वेगळ्या डब्यात राहू द्यावेत आणि तळाशी तपकिरी भुकटी किंवा रॅपरवर भोक दिसते का ते पाहावे. रॅपरची छोटी चीर चवहीन वनस्पतिज डिंकाने चिकटवता येते. कारखान्यात सिगारचे टोक बंद करायला तसाच डिंक वापरतात. वाळलेला सिगार एकदम ६९च्या पुडीजवळ ठेवला तर गाभ्याआधी रॅपर फुगते, म्हणून आधी ६२, मग ६५ आणि शेवटी ६९ अशा क्रमाने, प्रत्येक टप्प्याला आठवडा-दोन आठवडे देत त्याला ओल परत देतात. बोटांनी हलके दाबल्यावर करकर वाजली, तर पुढच्या टप्प्याला अजून वेळ आहे असे समजावे.