घराचा विमा : वृद्धांच्या आरोग्याचेही संरक्षण

तेरेखोल नदीच्या खोऱ्यातील इन्सुली, बांदा परिसराला अतिवृष्टी नवी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बांद्याच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत पुढे सरकले, तेव्हा घरांची कौले उडाली, झाडे छपरांवर कोसळली आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली.

अशा आपत्तीनंतर वैद्यकाकडे येणाऱ्या तक्रारी ठरावीक असतात. ओल्या भिंतींमुळे वाढलेला दमा, कौले बसवताना घसरून मोडलेला खुबा, चिंतेने चढलेला रक्तदाब. हाती पैसा नसला की वृद्ध माणसे मोडक्या घरातच दिवस काढतात आणि दुखणी बळावतात. आरोग्य विमा रुग्णालयाचे देयक भरेल. छप्पर घालून देणार नाही. म्हणून घराच्या विम्याचा विचार कुटुंबाने वेगळा करावयास हवा.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली आहे. कंपनी कोणतीही असो, तिची मूळ कलमे सारखीच असतात. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, घरावर झाड पडणे यांपासून होणारे नुकसान तीत येते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीही येते. घर राहण्यायोग्य नसेल, तर पर्यायी जागेच्या भाड्याचीही मर्यादित तरतूद आहे. दम्याच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी हे कलम फार मोलाचे.

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, तर ते पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. जमिनीची किंमत धरली जात नाही. उदाहरणार्थ, ८०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि चौरस फुटाला २,००० रुपये खर्च धरल्यास ती १६ लाख होते. इमारतीचा विमा घेतला की घरातील सामानाला आपोआप २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. येथे ते ३ लाख २० हजार होईल. सामान अधिक मोलाचे असल्यास तसे नोंदवावे.

मागितल्याशिवाय न मिळणाऱ्या गोष्टीही आहेत. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी जादा संरक्षण घ्यावे लागते. विमाधारक व जोडीदार यांच्यासाठी अपघाती मृत्यूचे संरक्षणही ऐच्छिक आहे. गडगा, गोठा, पाण्याची टाकी यांचा उल्लेख अर्जात करावा. गुरे आणि बागायत यांचे विमे वेगळे असतात. नदीने किंवा समुद्राने हळूहळू झिजवलेली जमीन आणि नव्या बांधकामास नैसर्गिकरीत्या पडणारे तडे यांची भरपाई मिळत नाही.

कोकणातील खरी अडचण मालकीची आहे. घर आजोबांच्या नावे, वारस मुंबईत, आणि राहतात एकटी आजी. विमा घेणाऱ्याचा घराशी हितसंबंध कागदावर दिसला पाहिजे. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आधी तपासून वारसांची नावे लावून घ्यावीत. चिरे, कौले, पत्रा यांची माहिती खरी द्यावी. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर कंपनीला लेखी कळवावे.

नुकसान झाल्यास प्रथम माणसांना सुरक्षित हलवावे. वृद्धांनी छपरावर चढू नये. मग कंपनीला तत्काळ कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्वेक्षक येईपर्यंत मोडके सामान टाकून देऊ नये. महसूल खात्याचा पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. विम्याचा दावा स्वतंत्रपणे करावा लागतो. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

मे महिन्यात चाकरमानी मुले गावी येतात. त्या सुट्टीत एक दुपार कागदपत्रांसाठी काढावी. पॉलिसीची प्रत, घराचा उतारा आणि आजी-आजोबांच्या औषधांची यादी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. दुसरी प्रत मुलांकडे असावी. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी एवढे झाले, तरी संकटातील पहिला दिवस पुष्कळ सुसह्य होतो.