टॅब्लेटवर दफ्तर चालेल काय?

पुण्यात खराडीच्या ईऑन आयटी पार्कनजीकच्या एका उपाहारगृहात परवा एका सद्गृहस्थांनी, माझ्या टॅब्लेटला जोडलेला कीबोर्ड कुतूहलाने न्याहाळीत, "म्हणजे आता लॅपटॉप नकोच म्हणायचा?" असा जो प्रश्न केला, त्याचे उत्तर चहा संपेपर्यंत आटोपणारे नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पत्रव्यवहार, वाचन, व्हिडिओ-बैठका ही कामे टॅब्लेट विनातक्रार करतो. आणि पीडीएफवर लेखणीने शेरे मारण्यात तर, माझ्या मते, तो लॅपटॉपहून सरसच आहे. २०१९ साली आयपॅडओएस आल्यापासून पेनड्राइव्हवरील फायलीही आयपॅडवर थेट उघडता येऊ लागल्या.

खरी अडचण उद्भवते ती दफ्तरी कामकाजात. कंपनी किंवा जीएसटी खात्याच्या संकेतस्थळावर ज्या डिजिटल स्वाक्षरीने कागद दाखल करावयाचे, ती यूएसबी टोकनात बंदिस्त असून त्या टोकनाचे सॉफ्टवेअर संगणकासाठीच, त्यातही प्रामुख्याने विंडोजसाठी, रचलेले असल्यामुळे, विंडोज नसलेला महागातला महाग टॅब्लेटही तेथे हतबल ठरतो. टॅलीचेही तेच. शिवाय श्रीलिपी या पुण्याच्याच सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फाँटांत ज्यांचा वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर साठला आहे, त्यांस तो फाँट नसलेल्या टॅब्लेटवर मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसेल!

किमतीचा हिशेब करताना कीबोर्ड आणि लेखणी बेरजेत अवश्य धरावीत. पुष्कळदा तेवढ्यात बरा लॅपटॉप येतो.

तेव्हा विद्यार्थ्याने, संपादकाने खुशाल टॅब्लेट घ्यावा. हिशेबनिसाने मात्र घेऊ नये. आपल्या कामाचे स्वरूप खाली कळवावे, यथामति उत्तर देईन.