आजोबांचा आळस आणि हिवाळ्यातले समज

नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला, की पेन्शनवाल्या माणसाला संक्रांतीपर्यंत तसं काही काम उरत नाही. वर्धा–आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)त असे आजोबा डिसेंबरात खाट उन्हामागे सरकवत नेतात, उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलतात, दर तासाला चहाची आठवण करून देतात. सूनबाई म्हणते, आळस वाढला. शेजारी म्हणतो, वय झालं. आणि दोघंही सल्ले देतात. त्यांतले बरेचसे चुकीचे असतात.

पहिला समज खुद्द जिल्ह्याबद्दलचा. वर्धा म्हणजे मे महिन्यातली भट्टी, आपल्याकडं कुठलं आलं जीवघेणं हिव! शेजारच्या नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांवर गेला होता. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, त्यात उत्तरेचा वारा. दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे दोन पांघरुणं पुरत नाहीत. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं, की थंडीची लाट. पण जीव जायला लाटच यावी लागते असंही नाही. 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये 13 देशांतल्या 7 कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास आला. त्यात थंडीशी जोडलेले मृत्यू सुमारे 7.3 टक्के निघाले, उष्णतेशी जोडलेले अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि थंडीचे बहुतेक बळी कडाक्याच्या नव्हे, साध्या गारठ्यातले होते. भारत त्या अभ्यासात नव्हता, तरी म्हाताऱ्या शरीराची रीत सगळीकडं सारखीच.

ती रीत अशी. थंडी वाजली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरतात आणि ऊब टिकते. वयानुसार स्नायू कमी होतात, वाहिन्या उशिरा आकसतात आणि मुख्य म्हणजे गारठा जाणवायचाच कमी होतो. म्हणून ‘मला नाही वाजत थंडी, आम्ही रात्री-अपरात्री ओलिताला जायचो’ हे आजोबांचं म्हणणं खोटं नसतं, पण पुरावा म्हणून कामाचं नसतं. हात लावून पाहावं. पोट किंवा पाठ गार लागली, तर बोलण्यावर जाऊ नये.

‘आळस झटका, पाचला उठून फिरायला जा’ हा सल्ला तर उलटाच. रात्रीतली सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नसून सूर्योदयाच्या आसपासची. गारठ्यानं रक्तदाब आधीच चढलेला असतो आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत जास्त येतात. नऊपर्यंत पांघरुणात लोळणारे आजोबा इथं डॉक्टरांच्या बाजूचे आहेत! मात्र नऊनंतर उठायचं, घरातल्या घरात तरी चालायचं, कारण ऊब तयार करतात ते हलणारे स्नायूच.

कोवळ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते बनवणारे किरण सूर्य वर आल्याशिवाय खालपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा बसा, असा एक सोपा ठोकताळा आहे. पण डिसेंबरात आंजीला ऐन दुपारीसुद्धा सावली जवळजवळ माणसाएवढीच पडते. म्हणजे बाराच्या आसपासचं ऊन, तेही हातपाय उघडे ठेवून. काचेच्या खिडकीआडून ऊब मिळेल, ‘ड’ नाही.

सगळ्यांत घातक समज शेगडीचा. धूर गेला, निखारे लाल झाले, आता खोलीत आणायला हरकत नाही, असं समजून दार-खिडक्या लावून घेतात. धूर दिसतो तरी. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोरानं चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. तुराट्यांची शेकोटी अंगणातच बरी.

दारूनं अंग तापतं म्हणतात. (जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी म्हणतात.) तापते ती कातडी, आतली ऊब बाहेर येते आणि शरीर आणखी गार पडतं. कानटोपी जरूर घाला, पण सगळी थंडी डोक्यातूनच शिरते असं काही नाही. पाणी मात्र तहान नसतानाही प्यावं. साखरेचा आजार असलेल्याच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवताना आपला हात लावून पाहावा. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

आता खरा प्रश्न, आळस कोणता आणि आजार कोणता. चहा थंड झाला म्हणून कुरकुरणारे आजोबा ठीक आहेत. एरवी बोलके असलेले गप्प झाले, जीभ अडखळली, तोल जायला लागला, चहा समोर असून हात पुढं होत नाही, तर शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं असू शकतं. पक्षाघातही असाच सुरू होतो, त्यामुळं घरी ताडून पाहत बसू नये. आंजीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. 108 ला फोन लावावा. गाडी येईपर्यंत ओले कपडे काढून कोरडे घालावेत, छाती-पोट-मान गरम कपड्यात गुंडाळावी. तोंडानं काही पाजायची घाई नको. आणि तेल घेऊन हातपाय चोळायला बसू नये. त्यानं हातापायांतलं गार रक्त हृदयाकडं जातं.