शोधयंत्रांत आपलें नांव वर कसें यावें?

पावसाळ्यांत कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे शहरवासीयांची रीघ लागते. त्यांतील पुष्कळजण मुक्कामाचें ठिकाण घरीं बसूनच गूगलवर शोधतात. राज्याचें कृषी पर्यटन धोरण २०२० सालीं मंजूर झालें. परंतु शेतावर पाहुण्यांची सोय करणाऱ्या बंधूंचें नांव त्या शोधांत दिसलें नाहीं, तर ती सोय असून नसल्यासारखीच.

‘पहिल्या क्रमांकावर आणून देतों’ म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्यांस आम्ही थारा देऊं नये असें सुचवितों. अशी हमी कोणीच देऊं शकत नाहीं, हें खुद्द गूगलनेंच जाहीर केलें आहे. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद फुकट होते. ती प्रथम करावी. गांव, फांटा, दूरध्वनि बिनचूक द्यावे.

संकेतस्थळावर गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द घालावे. ‘निसर्गरम्य कृषिसंकुल’ असें कोण शोधणार? ‘माळशेजजवळ राहण्याची सोय’ किंवा ‘गोरखगडाच्या पायथ्याशीं जेवण’ असेंच मनुष्य लिहितो. मात्र तेच शब्द वीस वेळां कोंबूं नयेत. यंत्र ही लबाडी ओळखतें व नांव खालीं ढकलतें. दुसऱ्यांच्या पृष्ठांवरील दुवे तें शिफारशीसारखे मोजतें. गिर्यारोहकांची एखादी मंडळी आपल्याकडे जेवून गेली, तर त्यांच्या पृष्ठावर आपला उल्लेख करण्याची विनंती अवश्य करावी.

फळ दिसण्यास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागतें. तेव्हां पुढील पावसाळ्याचें गिऱ्हाईक हवें असल्यास भातझोडणी आटोपतांच हें काम हातीं घ्यावें.