सत्तर टक्के

नोव्हेंबर आहे, त्यामुळे सैनिक बोर्डात गर्दी. निम्मी मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी आलीत. हवालदार मात्र भिंतीकडेच्या बाकावर विजारीची डावी बाजू वर सारून बसलेत. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात (एएलसीत) बसवलेला पाय शेजारी टेकून उभा आहे, बुटासकट. ते खुंटावरचा मोजा ओढून नीट करतायत. त्याला एक जरी सुरकुती राहिली तरी संध्याकाळपर्यंत कातडी सोलते, असं त्यांच्याबरोबर आलेल्या वहिनी, त्यांच्या पत्नी, मला सांगतात.

बॉम्बे सॅपर्सचा माणूस. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सरहद्दीवर पेरलेले सुरुंग काढताना पाय गेला.

नंबर लागतो. कल्याण संघटक स्वतः माजी सुभेदार, त्यामुळे फाईल उघडण्याआधी ‘राम राम साब’ होतं. मागण्या दोन: साइड व्हीलची स्कूटर आणि घराला रॅम्प. स्कूटरचं लगेच निकालात निघतं. केंद्रीय सैनिक बोर्ड त्यासाठी 1 लाखापर्यंत देतं, पण नोकरी सुटल्यावर अपंग झालेल्यांना.

“तुमचा पाय नोकरीत गेला. तुमचा अर्ज खडकीला, सॅपर्सच्या रेकॉर्ड्स ऑफिसकडे.”

म्हणजे पाय कधी गेला, त्यावर खिडकी ठरते.

घराचं अवघड आहे. दुरुस्तीला 20 हजारांची मदत मिळते, पण अपंगत्व 100 टक्के हवं. यांच्या कागदावर 70.

“साब, 70 तेव्हाचे. आता उजवा गुडघा पण गेलाय. घरात चाकांच्या खुर्चीवरच असतो.”

“पाय सुरुंगानं गेला, गुडघा वयानं. मेडिकल बोर्ड दोन्ही एकत्र धरील का, सांगता येत नाही. फेरतपासणीचा अर्ज टाकू.”

संघटकांचा राग येत नाही; त्यांना माणूस दिसतोय. राग येतो तो त्या 70चा. हवालदार म्हातारे होत चाललेत, आकडा जागचा हलत नाही.

फॉर्म येईपर्यंत हवालदार पाकिटाच्या पाठीवर रॅम्प काढतात. सॅपरचा हात, रेघ सरळ. तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. इंचाला फूटभर उतार धरला तर 18 फूट लांबी. ओट्यापासून रस्ता 10 फुटांवर.

“मधी वळवावा लागंल. वळणावर खुर्ची फिरायला पाच फूट चौरस.”

वहिनी वाकून बघतात. “आन् तुळस?”

“हलवायची.”

“न्हाई हलायची. पलीकडनं घ्या वळण.”

“पलीकडं संडासाची टाकी हाय.”

संघटक फॉर्म पुढे सरकवतात. “वहिनी, आधी यांची सही होऊ द्या.”